ट्रम्पना मत आणि गर्भपाताच्या हक्कालाही मत, २०२४ मध्ये हे कसं झालं?

कारण दोन्ही प्रश्न मतपत्रिकेवर वेगवेगळे होते.

देशभर गर्भपाताचा हक्क देणारा 'रो विरुद्ध वेड' हा १९७३चा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केला आणि विषय राज्यांकडे गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲरिझोना, मिसुरी आणि मोंटानात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांसोबत त्याच मतपत्रिकेवर गर्भपाताच्या हक्कासाठी राज्यघटना दुरुस्तीचा प्रश्नही छापलेला होता. तिन्हीकडे दुरुस्ती मंजूर झाली, तिन्हीकडे ट्रम्पही जिंकले. हक्क इथे राखला, आता महागाईच्या प्रश्नावर ट्रम्पना मत देऊ, असा हिशेब अनेकांनी केला. "राज्यांनी ठरवावं" ही ट्रम्प यांची भूमिका त्याला सोयीची ठरली.

मला हा हिशेब पटत नाही. 'रो' रद्द करणाऱ्या न्यायमूर्तींपैकी तिघे ट्रम्प यांनीच नेमलेले होते. उमेदवार काय बोलतो यापेक्षा तो कुणाला नेमतो हे आधी बघायला हवं.

फ्लोरिडाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. तिथे सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी आहे, आणि तेवढ्यात अनेकींना दिवस गेल्याचं कळतही नाही. ट्रम्प स्वतः तिथले मतदार. ऑगस्टमध्ये ते आधी म्हणाले की सहा आठवडे कमी पडतात, आणि लगेच दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की आपण तिथल्या अशाच दुरुस्तीच्या विरोधात मत देणार. दुरुस्तीला सुमारे ५७ टक्के मतं पडली, पण तिथे ६० टक्के लागतात. बंदी कायम राहिली.