मालदीवला जा, पण ठेव न मोडता

एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: घरात पाच माणसं. ताई, त्यांचे यजमान, सासूबाई (वय ६८), अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. गेल्या वर्षी सासरे गेले. ते आयुष्यभर "निवृत्त झालो की निवांत समुद्रावर जाऊ" म्हणत राहिले आणि ते राहूनच गेलं. आता यजमानांनी मनावर घेतलंय की आईला डिसेंबरअखेर मालदीवला न्यायचंच. सहा रात्रींचं कोटेशन विमान तिकिटांसह घराच्या चार महिन्यांच्या खर्चाइतकं आहे. निम्मे पैसे मुदत ठेव मोडून आणि निम्मे कार्डावरच्या बारा 'बिनव्याजी' हप्त्यांतून उभे करायचे, असं ठरतंय. ही ठेव सहा महिन्यांच्या खर्चाची, अडीअडचणीसाठी ठेवलेली. यजमानांचा व्यवसाय आहे, मिळकत खालीवर होते. ताईंची नोकरी आहे. एसआयपी आणि घराचा हप्ता जाऊन महिन्याला खर्चाच्या पाव भागाइतकी रक्कम मागे पडते. सासूबाई म्हणतात, "यांचे आलेले पैसे माझ्या नावावर आहेत, तेच घ्या." ताई विचारतात, "मी नको म्हटलं तर कंजूष ठरेन. हो म्हटलं तर रात्री झोप लागणार नाही. काय करू?"

ताई, नमस्कार.

आधी हे सांगतो की मी 'जाऊ नका' म्हणणार नाही. माझ्या आईला एका प्रवासाला न्यायचं मी तीन वर्षं पुढे ढकललं. दर वर्षी कागदावर कारण अगदी बरोबर होतं. चौथ्या वर्षी तिचे गुडघे जिना चढू देईनात. त्यामुळे तुमच्या यजमानांच्या मनात काय चाललंय ते मला कळतं, आणि ६८ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत 'पुढे कधीतरी' हा सल्ला मी देत नाही. प्रश्न पैसे कुठून येणार याचा आहे, आणि त्याआधी पैसे नेमके किती लागणार याचा. हा दुसरा हिशेब तुमच्या घरात अजून कुणी केलेलाच नाही.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन मी दोनदा वाचलं. त्यात फॅमिली व्हिला ७०० डॉलर रात्र, म्हणजे सहा रात्रींचे ४,२०० डॉलर, आणि तिकिटांचे साधारण २,००० असे धरलेत. पण ७०० च्या पुढे दोन अधिकची चिन्हं आहेत. या 'प्लस प्लस'चा अर्थ असा की त्यावर रिसॉर्टचा १० टक्के सेवा आकार लागतो आणि त्या बेरजेवर मालदीवचा पर्यटन जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. १०० चे १२८.७० होतात. म्हणजे ४,२०० चे झाले ५,४०५. वर ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यटकांकडून घेतला जाणारा पर्यावरण कर. रिसॉर्टमध्ये तो जानेवारी २०२५ पासून माणशी दर रात्री १२ डॉलर आहे आणि सूट फक्त दोन वर्षांखालच्या बाळांना. पाच माणसं, सहा रात्री, ३६० डॉलर.

मग सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. राजधानी मालेच्या वेलाना विमानतळावर उतरून पुढे बेटावर जायचा खर्च वेगळा असतो. तुमच्या कोटेशनच्या शेवटच्या पानावर तो बारीक अक्षरात आहे: मोठ्यांना जाऊन-येऊन ४८०, मुलांना निम्मा. इथेच एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली. मुलीचा वाढदिवस नोव्हेंबरमध्ये आहे असं तुम्ही सहज लिहिलंय. बऱ्याच रिसॉर्टच्या लेखी बारा पूर्ण झालेलं मूल मोठ्यांत धरलं जातं, आणि वय बुकिंगच्या दिवशीचं नाही, मुक्कामाच्या दिवशीचं बघतात. तुमच्या कोटेशनमध्येही तीच अट आहे. म्हणजे चार मोठे, एक लहान. सीप्लेनचे २,१६०. त्याच पानावर ३१ डिसेंबरच्या गाला डिनरचे, म्हणजे नववर्षाच्या मेजवानीचे, मोठ्यांना २०० आणि मुलांना १०० असे सक्तीचे आकार आहेत. न जेवता खोलीत बसलात तरी ते द्यावे लागतात. ते ९००.

बेरीज करा. ४,२०० डॉलरचा मुक्काम ८,८२५ वर गेला. तिकिटं धरून १०,८२५. तुमच्याच मापाने मोजायचं तर चार महिन्यांचा घरखर्च नव्हे, सात महिन्यांचा. आणि अजून दुपारचं जेवण त्यात नाही! कोटेशन हाफ बोर्डचं आहे, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. बेटावर दुसरं दुकान नाही, खानावळ नाही, आणि खाण्यापिण्याच्या बहुतेक वस्तू बाहेरून जहाजाने येतात, त्यामुळे ताटाचा भावही तसाच असतो. चार वर्षांच्या मुलाला दुपारी तीन वाजता भूक लागली की तुमच्यापुढे एकच मेन्यू कार्ड असेल.

आता सात महिन्यांचा खर्च तुमच्या बचतीसमोर ठेवून बघा. महिन्याला पाव महिन्याचा खर्च मागे पडतो, म्हणजे ही एक सहल फेडायला अठ्ठावीस महिने. एवढा काळ तुमची ठेव अर्धवट राहणार, आणि तीही घरातली एक मिळकत हेलकावे खाणारी असताना. हप्ते बिनव्याजी असले तरी तुमचा प्रश्न सुटत नाही. रोख भरणाऱ्याला मिळणारी सवलत अशा योजनेत बहुधा जाते आणि प्रक्रिया शुल्क वर बसतं, पण ते तसं किरकोळ. माझी खरी हरकत वेगळी आहे. व्यवसायात दोन महिने वाईट गेले तर त्याच महिन्यांत कार्डाचा हप्ता, घराचा हप्ता आणि मोडलेली ठेव हे तिन्ही एकदम समोर येतील. ती ठेव नेमकी त्या दोन महिन्यांसाठीच होती. तुम्हाला झोप लागणार नाही असं वाटतं, त्यामागे कंजूषपणा नाही. घरातला धोका तुम्हाला सगळ्यांच्या आधी दिसतोय.

सासूबाईंच्या पैशांबद्दल माझं मत ठाम आहे. ते घेऊ नका. नवरा गेल्यानंतर बाईच्या नावावर असलेली रक्कम हा तिचा आधार असतो. कुणाला न विचारता डॉक्टरकडे जाता येणं, नातवंडांच्या हातावर काही ठेवता येणं हे त्या पैशामुळे होतं. त्या प्रेमाने देतायत म्हणून तर ते जास्तच जपायला हवेत. पण त्यांना सरळ 'नको' म्हणून दुखवूही नका. तिथे डॉल्फिन बघायला होडीतून जायचं असतं, तो एक खर्च आजीचा असू दे. मुलांनाही ते लक्षात राहील.

मग जायचं कसं? डिसेंबरऐवजी एप्रिलअखेर जा. मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल ईशान्य मोसमी वाऱ्यांचा कोरडा काळ असतो, तिथे त्याला 'इरुवै' म्हणतात. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्येचा, पावसाचा आणि खवळलेल्या पाण्याचा. नाताळ-नववर्षाच्या आसपासचा पंधरवडा सगळ्यात महाग. एप्रिलअखेर हवा बहुधा अजून चांगली असते, गर्दी ओसरू लागलेली असते, बऱ्याच शाळांना मोठी सुट्टी लागलेली असते आणि गाला डिनरची सक्ती नसते. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्हाला आजपासून नऊ महिने मिळतात. नऊ महिन्यांची बचत म्हणजे सव्वादोन महिन्यांचा खर्च. मार्चमधला तुमचा बोनस साधारण एका महिन्याचा. एकूण सव्वातीन महिने, डॉलरमध्ये पाच हजारांच्या थोडं वर. ठेवीला हात नाही, हप्ता नाही, सासूबाईंचे पैसे नाहीत.

पाच हजारांत बसेल का? बसवावं लागेल, आणि त्यासाठी दोन गोष्टी सोडाव्या लागतील. पहिली, सहाच्या चार रात्री. चार रात्रींत विश्रांती होत नाही असं यजमान म्हणतील. लहान बेटावर तिसऱ्या दिवशी मुलांना प्रत्येक वाट पाठ झालेली असते, म्हणून मला चार पुरेशा वाटतात. दुसरी, सीप्लेन. वरून दिसणारी प्रवाळबेटांची ती निळी-हिरवी कडी सुंदर असतात, मान्य. पण सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर एक रात्र मालेजवळ हॉटेलात काढावी लागते, तिचे पैसे वेगळे. शिवाय छोट्या विमानाची अरुंद शिडी चढायची, तीही सासूबाईंनी. त्यापेक्षा उत्तर किंवा दक्षिण माले अटॉलमधलं (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं), स्पीडबोटीने तासाभराच्या आत पोचता येणारं बेट निवडा. स्पीडबोट रात्रीही मिळते आणि खर्च बराच कमी असतो. मी मोठ्यांना १५० आणि लहानाला ७५ अशी मर्यादा धरली, म्हणजे ६७५. ग्रीन टॅक्स २४०. तिकिटं २,०००. उरले २,१०० डॉलर, म्हणजे रात्रीला ५२५. यात सगळे कर आणि तिन्ही वेळचं जेवण धरून, शेजारी शेजारी दोन साध्या बीच रूम बघा. बऱ्याच ठिकाणी एका खोलीत दोन मोठे आणि दोन मुलं इतकीच परवानगी असते, त्यामुळे दोन खोल्या तशाही लागतीलच. ५२५ च्या वर दर गेला तर रिसॉर्ट बदला किंवा तीन रात्री करा. मर्यादा मात्र वाढवू नका.

जेवणाचं पॅकेज फुल बोर्ड, म्हणजे तिन्ही वेळच्या जेवणाचं घ्या. ऑल इन्क्लुझिव्हमधला वरचा पैसा मुख्यतः दारूचा असतो, आणि तुमच्याकडे कुणी घेत नाही असं तुम्ही लिहिलंय. फुल बोर्डमध्ये पिण्याचं पाणी धरलंय का, हे मात्र लेखी विचारा.

यजमानांनी शेवटच्या दोन रात्री पाण्यावरची वॉटर व्हिला घ्यायचं मनात धरलंय, त्याबद्दल. ज्या खोलीच्या दारातून जिना थेट खोल पाण्यात उतरतो, तिथे चार वर्षांचं मूल असताना तुम्ही दोघं एक मिनिटही डोळा मिटू शकणार नाही. अनेक रिसॉर्ट लहान मुलांना ती खोली देतच नाहीत, किंवा जबाबदारीच्या कागदावर सही घेतात. जास्त पैसे देऊन विश्रांती घालवायची, असं होईल ते. वाळूवरची खोली घ्या. समोर उथळ, वाळूचा लगून (प्रवाळाच्या आडचं शांत पाणी) असलेलं आणि किनाऱ्यालगत प्रवाळ असलेलं बेट बघा. तिथे मुलगी तुमच्यासोबत काठावरूनच मासे बघेल आणि होडीच्या सहलींचे पैसे वाचतील.

गेस्टहाऊसचा पर्याय तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो, कारण तो खरोखर स्वस्त आहे. माफुशीसारख्या वस्तीच्या बेटांवर छोटी गेस्टहाऊस आहेत. तिथे ग्रीन टॅक्सही निम्मा, माणशी ६ डॉलर. पोहण्याच्या कपड्यांत फक्त पर्यटकांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर फिरता येतं. तुम्ही दोघंच असता तर मी हेच सुचवलं असतं. पण आजी आणि छोटा सोबत असताना रोज कुठेतरी जायचं ठरवत बसणं म्हणजे तुमचं काम वाढणं, आणि या सहलीत तुम्हालाही बसायला मिळालं पाहिजे.

प्रवास विमा बुकिंग झाल्या झाल्या काढा. सासूबाईंचे जुने आजार अर्जात स्पष्ट लिहा आणि ते विम्यात धरलेत का ते वाचून घ्या. बेटावर फार तर एक छोटा दवाखाना असतो, मोठं काही झालं तर बोटीने किंवा विमानाने मालेला न्यावं लागतं, आणि तो खर्च तुमच्या सगळ्या सहलीपेक्षा मोठा होऊ शकतो. पैसे वाचवायला ही ओळ खोडू नका. खोली रद्द करता येणाऱ्या दरानेच घ्या, थोडी महाग पडली तरी.

नऊ महिन्यांची बचत वेगळ्या खात्यात टाका, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी. रिसॉर्टचं बिल डॉलरमध्ये असतं. तुमच्या चलनाचा भाव घसरला तर पाच हजारांचा आकडा फुगेल, म्हणून जानेवारीत तिकिटं काढा आणि खोलीची उरलेली रक्कम बोनस आल्यावर भरा. तिथे कार्ड वापरताना यंत्र विचारेल, बिल तुमच्या चलनात करू का? नको म्हणा, डॉलरमध्येच करा. यंत्राचा विनिमय दर जवळजवळ नेहमी जास्त पडतो.

यजमानांशी बोलताना 'परवडत नाही' म्हणू नका. ते त्यांना वडिलांच्या 'नंतर जाऊ'सारखं ऐकू येईल. त्यांच्यासमोर एप्रिलची तारीख आणि खात्याचं नाव ठेवा. तारीख ठरली की ते 'नंतर' राहत नाही.

आणि एक गोष्ट राहिली. तुमच्या तीन पानांच्या पत्रात यजमानांना काय हवंय ते आहे, मुलांना काय हवंय ते आहे, तुमची काळजी आहे. सासूबाईंना स्वतःला काय आवडेल, हे एका ओळीतही नाही. त्यांना बोटीचे हेलकावे सोसतात का, पाण्यात उतरायचंय की काठावर पाय सोडून बसायचंय, चार दिवस त्यांचं जेवण तिथे होईल का? एजंटला काही कळवायच्या आधी आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून हे विचारा, आणि मुलांनाही तिथे बसू द्या.