एजीव्ही जुनी झाली का?

प्रश्न : मी मेकॅट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन कंपन्यांत निवड झालीय. एक चुंबकी पट्टीवरून चालणाऱ्या एजीव्ही (कारखान्यात माल वाहणाऱ्या विनाचालक गाड्या) बनवते, दुसरी त्याच कामाचे, पण स्वतः वाट काढणारे रोबो, म्हणजे एएमआर. प्रोग्रामिंग जमतं, पण हार्डवेअर जास्त आवडतं. बाबा म्हणतात, एजीव्ही जुनी झाली. काय करू?

उत्तर : जुनी आहेच, १९५०च्या दशकापासूनची. पण जुनी म्हणजे बाद नव्हे. तोच जड माल, तीच वाट, ठरलेली वेळ असेल तर पट्टीवरची गाडी बिनबोभाट काम करते. मांडणी सारखी बदलत असेल तर एएमआर घ्यावा. वाटेत कुणी पॅलेट टेकवला की एजीव्ही थांबून राहते, एएमआर वळसा घालतो; अर्थात वळशापुरती जागा असेल तर! ॲमेझॉनने २०१२मध्ये विकत घेतलेल्या किवा या कंपनीचे गोदामातले रोबो तर जमिनीवरचे कोड वाचत फिरायचे. त्यांना एजीव्ही म्हणायचं की एएमआर, यावर लोक अजून वाद घालतात, घालू देत.

तू कंपनीला वेगळंच विचार: मला साइटवर कमिशनिंगला, म्हणजे गाडी ग्राहकाकडे बसवून चालू करायला, पाठवणार का? कारण खरं शिक्षण तिथेच होतं. समज, गाडी एकाच वळणावर सारखी थांबतेय. नकाशा ठीक, कोड ठीक. सेफ्टी स्कॅनर (अडथळा दिसला की गाडी थांबवणारा सेन्सर) समोरच्या जमिनीचा जेवढा पट्टा राखतो, तो वेगाप्रमाणे लांब-आखूड होतो. वळणाआधी वेग उतरला नाही, तर पट्टा लांबच राहतो, रॅकचा पाय त्यात येतो आणि गाडी जागच्या जागी उभी. हे ज्याला शोधता येतं त्याला दोन्हीकडे मागणी आहे.

एजीव्हीत पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर), मोटर ड्राइव्ह, सेफ्टी सर्किट हाताखालून जाईल; एएमआरमध्ये लिनक्स, आरओएस (रोबोंसाठीचं सॉफ्टवेअर), सी प्लस प्लस. आयएसओ ३६९१-४ हे सुरक्षेचं मानक मात्र दोन्हीकडे लागतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच कंट्रोल सॉफ्टवेअरवर चालवायच्या तर त्यांच्यातल्या संवादाचं मानक व्हीडीए ५०५०ही. रुजू होण्याआधी दोन्हींची तोंडओळख करून घे.

एएमआरवाले नुसतं सिम्युलेशनवर बसवणार असतील, तर तुझी आवड बघता एजीव्ही घे. दोघेही साइटवर पाठवणार असतील तर एएमआर. पीएलसी पुढेही शिकता येईल. आणि उत्तर तोंडी नको, ऑफर लेटरमध्ये लिहून माग.