जुन्या पिकअपला कॉमन रेल इंजिन बसवावं का?

प्रश्न : काका, वडिलांची जीपच्या चासीवरची जुनी महिंद्रा पिकअप आहे, प्यूजो डिझेल. तंबाखूची बोदं भरली की तवंदी घाटात दम तोडते, काळा धूर सोडते. मेस्त्री म्हणतात, भंगारातून नव्या गाडीचं कॉमन रेल इंजिन, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबानं डिझेल फवारणारं, आणून बसवू. बसवू का? आरटीओत अडचण येईल?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : धूर काळा आहे हे लिहिलंत ते बरं केलंत. काळा म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय. निळा असता तर ऑइल जळतंय म्हणालो असतो. इंजिन गेलं असं इतक्यात म्हणू नका. एअर क्लीनर साफ करा, डिझेल फवारणारे नोझल आणि डिझेल पंप बेंचवर लावून बघा, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, मोजून घ्या. तुमचं इंजिन बहुतेक एक्सडीपी ४.९० असणार : २११२ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर. फुल काम, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्ती, करायची वेळ आलीच तर बोअर आणि क्रँकचं (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचं) ग्राइंडिंग बेळगावात उद्यमबागेत होतं.

आता अदलाबदलीचं. इंजिन चासीत बसतं हो, माउंटिंग वेल्ड करून कुणीही बसवेल. खरी परीक्षा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर. मध्ये दोघांना जोडणारी अडॅप्टर प्लेट लागते, आणि क्रँकचं व गिअरबॉक्सच्या शाफ्टचं केंद्र एकच यावं लागतं. क्रँकच्या टोकाच्या जड चाकाला, फ्लायव्हीलला, डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मोजमाप) लावायचा, काटा बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या, भोकाच्या कडेवर टेकवायचा आणि क्रँक हातानं पूर्ण फिरवायचा. काटा ०.१३ मिलिमीटरच्या वर हलला तर प्लेट पुन्हा बसवायची. हे टाळलं की गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग ओरडतं, क्लच थरथरतो, गिअर उडतो. शिवाय कॉमन रेलला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, जुळणारी चावी आणि सेन्सरवालं ॲक्सिलरेटर पेडल त्याच गाडीचं हवं. नुसतं इंजिन घेऊन आलात तर ते सुरूच होणार नाही. जुन्या टाकीतला गंज तर इंजेक्टर खाऊन टाकतो.

मला त्याहून काळजी ब्रेकची आहे. तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम. ताकद वाढली की माल वाढतो, आणि तवंदी घाट उतरायचाही असतो. इंजिनावर रुपया खर्चण्याआधी ड्रम लेथवर टर्न करून लायनर आणि व्हील सिलिंडर नवे घाला.

कागदांचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही, आणि इंजिन बदललं तर १४ दिवसांत कळवावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच कारण पुढे करते. म्हणून कॉमन रेलला माझा सल्ला नाही. बदलायचंच असेल तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन घ्या, नंबर स्पष्ट वाचता येणारं, पक्क्या बिलाचं, आणि आधी चिकोडीच्या आरटीओत लेखी विचारा. कोल्हापूर बाजूनं स्वस्त मिळालं तरी बिल सोडू नका.

कॉम्प्रेशनचे चारही आकडे मला कळवा, मग फुल काम की हाफ (अर्धवट उघडून) ते ठरवू.