तीन कॅमेऱ्यांच्या थेट कार्यक्रमात आभासी वस्तूचा प्रकाश खऱ्या रंगमंचाशी कसा जुळवायचा?

तुमची अडचण मला समजली ती अशी. सभागृहातल्या कार्यक्रमाचं तीन कॅमेऱ्यांवरून थेट प्रक्षेपण आहे आणि रंगमंचाच्या मधोमध पुरुषभर उंचीची आभासी पितळी समई ठेवायची आहे. मधल्या कॅमेऱ्यात ती बरी दिसते, पण स्विचरवर (कॅमेरे बदलायच्या यंत्रावर) बाजूच्या कॅमेऱ्याला कट केलं की कापून चिकटवल्यासारखी वाटते. दिवे बदलले की आणखीच उघडी पडते. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी समईचा रंग आणि उजेड वेगवेगळा लावून पाहिलात, तरी जमलं नाही.

ते वेगवेगळं लावणं आधी बंद करा. समई एकच आहे आणि तिच्यावर पडणारा प्रकाशही एकच आहे. तो सभागृहाचा आहे, कॅमेऱ्याचा नाही. प्रकाश एकदाच मोजायचा, समई त्यात एकदाच उजळायची आणि मग ते चित्र प्रत्येक कॅमेऱ्याच्या स्वभावानुसार रंगवायचं. हा क्रम उलटा झाला की एक कॅमेरा जुळवताना दुसरा बिघडतो.

म्हणून सुरुवात कॅमेऱ्यांपासून. तिन्हींचं ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा, पिक्चर प्रोफाइल सारखं ठेवा. एवढ्यावर ते जुळत नाहीत. बाजारातल्या तीन दुकानांच्या तीन काट्यांसारखं आहे हे, प्रत्येकाचा किलो थोडा वेगळा. शिवाय कॅमेऱ्यातून येणारा आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो. नेहमीच्या एसआरजीबी चित्रात २५५ म्हणजे पूर्ण उजेड धरला, तर १२८ म्हणजे निम्मा नव्हे, जेमतेम २२ टक्के. प्रकाशाची बेरीज-वजाबाकी या आकड्यांवर थेट केली तर उत्तर चुकणारच. आधी त्यांना सरळ प्रमाणात आणावं लागतं, म्हणजे लिनियर करावं लागतं.

यासाठी २४ चौकटींचा कलर चार्ट समईच्या जागी उभा करा, त्यावर एकच स्थिर पांढरा प्रकाश टाका आणि तिन्ही कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपा. खालच्या ओळीतल्या सहा राखाडी चौकटींवरून प्रत्येक कॅमेऱ्याचा वक्र (किती प्रकाशाला कोणता आकडा येतो ते नातं) कळतो, रंगीत चौकटींवरून तीन बाय तीनचं मॅट्रिक्स, म्हणजे लाल-हिरवा-निळा जुळवण्याचा नऊ आकड्यांचा तक्ता निघतो. समई लिनियरमध्ये रेंडर करायची, म्हणजे संगणकाने तिचं चित्र काढायचं, आणि शेवटी त्या त्या कॅमेऱ्याचं मॅट्रिक्स आणि वक्र उलटे लावायचे. कट केल्यावर रंग उडी मारतो तो बहुतेक वेळा इथेच थांबतो.

आता मुख्य गोष्ट. तुमचे तिन्ही कॅमेरे रंगमंचाकडे तोंड करून आहेत. प्रकाश जिथे पडतो ती जागा त्यांना दिसते, जिथून येतो ती दिसत नाही. समईच्या पोटाला मात्र वरचे पार (रंगमंचाचे साधे दिवे), बाजूचे मूव्हिंग हेड (फिरणारे दिवे), मागची एलईडी वॉल, समोरचं अंधारं प्रेक्षागृह, सगळं दिसतं. त्यातून पितळ हा धातू. धातूला स्वतःचा असा पसरट रंग जवळजवळ नसतो, तो आजूबाजूचं चित्र पिवळसर करून परत दाखवतो. पीओपीची मूर्ती असती तर ढोबळ प्रकाशावर भागलं असतं. संगणक-चित्रणाचे संशोधक रवी राममूर्ती आणि पॅट हॅनरहान यांनी २००१ मध्ये दाखवून दिलंय की खरबरीत, न चमकणाऱ्या पृष्ठभागासाठी चहूबाजूंचा प्रकाश फक्त नऊ आकड्यांत (सहगुणकांत) मावतो आणि सरासरी चूक एक टक्क्याच्या आसपास राहते. पितळेला ही सवलत नाही. त्यात सभागृह दिसायलाच हवं.

सभागृह टिपण्याची जुनी, खात्रीची पद्धत संशोधक पॉल डेबेवेक यांची. वस्तू जिथे ठेवायची तिथे आरशासारखा गोळा ठेवायचा आणि त्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे अनेक फोटो एकत्र करून एचडीआर, म्हणजे गडद कोपरा ते तेजस्वी दिवा सगळं न कापता सामावणारं चित्र, बनवायचं. फोटो एकत्र करण्याचं गणित त्यांनी आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये मांडलं (मलिक मूळचे आयआयटी कानपूरचे) आणि त्या प्रकाशात आभासी वस्तू खऱ्या दृश्यात बसवण्याची रीत डेबेवेक यांनी १९९८ मध्ये. आज गोळ्याऐवजी पाठीला पाठ लावलेल्या दोन फिशआय (अतिशय रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सचा ३६० अंशांचा कॅमेरा वापरला तरी चालतं.

एक्स्पोजर अनेक का, हे नीट समजून घ्या, कारण चिकटवल्यासारखं दिसण्याचं दुसरं मोठं कारण हेच असतं. एका फोटोत दिवा आणि त्याच्या बाजूची पांढरी भिंत दोन्ही २५५ दिसतात. प्रत्यक्षात दिवा भिंतीच्या हजारो पट तेजस्वी असतो. तो आकडा कापला गेला की रेंडर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दिवा म्हणजे भिंतीवरचा एक लहानसा पांढरा ठिपका. मग सावली फिकी पडते, पितळेवरची चकाकी मरते आणि समई ढगाळ हवेत उभी असल्यासारखी दिसते.

पण तुमचे दिवे कार्यक्रमात सतत बदलतात, तेव्हा थांबून सात-आठ फोटो काढणं शक्य नाही. अनेक कॅमेऱ्यांचा खरा उपयोग इथे सुरू होतो. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांना दिसणार नाहीत असे दोन स्वस्त फिशआय कॅमेरे शेजारी शेजारी वर तोंड करून बसवा. एकाला साधं एक्स्पोजर द्या. दुसऱ्याला एनडी ३.० फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा, तो प्रकाशाचा हजारावा भागच आत सोडतो. पहिल्यात सभागृह दिसेल, दुसऱ्यात फक्त दिवे, पण न कापलेले. दोन्ही जोडले की प्रत्येक फ्रेमला एचडीआर तयार. असे फिल्टर थोडा रंग चढवतात, म्हणून त्या कॅमेऱ्याचं मॅट्रिक्स वेगळं काढा.

अशीच दुसरी जोडी रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला बसवा. याचं कारण असं की ३६० अंशांचं चित्र प्रत्येक दिवा अनंत अंतरावर आहे असं गृहीत धरतं. सूर्यासाठी ते खरं आहे, पाच मीटरवरच्या पारसाठी नाही. दिव्यापासूनचं अंतर पाचवरून चार मीटर झालं तर प्रकाश दीडपटीहून जास्त होतो, आणि समईचा पाय आणि वरचा मोर यांत एवढा फरक सहज पडतो. दोन ठिकाणांहून तोच दिवा कोणत्या दिशेला दिसतो हे कळलं की त्रिकोण मांडून त्याची जागा काढता येते. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या जागी खरा दिवा ठेवायचा आणि एचडीआर चित्रातून तो पुसून टाकायचा, नाहीतर त्याचा प्रकाश दोनदा मोजला जातो. कॅमेऱ्यांच्या जागा आधी पक्क्या ठाऊक हव्यात. बुद्धिबळाच्या पटासारखा छापील बोर्ड फिरवून कॅलिब्रेशन करण्याची संशोधक झांग यांची पद्धत त्यासाठी पुरेशी आहे, फक्त फिशआयसाठी लेन्सचं मॉडेल फिशआयचंच निवडा.

आणि एक गोष्ट लोक विसरतात: रंगमंचावरचे दिवे मोजण्याआधीच तुम्हाला बरंच ठाऊक असतं. लाइट कन्सोलमधून डीएमएक्सचे (कोणता दिवा किती लावायचा या आज्ञांचे) आकडे बाहेर येतच असतात. ते रेंडर करणाऱ्या संगणकाला द्या. प्रकाश बेरजेने वागतो, त्यामुळे तालमीच्या वेळी प्रत्येक दिवा एकेकटा लावून मोजून ठेवला, तर कार्यक्रमात त्या मापांना आकड्यांप्रमाणे कमी-जास्त करून नुसती बेरीज करायची. एलईडी दिव्याचा डिमर मात्र सरळ रेषेत चालेलच असं नाही, म्हणून प्रत्येकाची मापं चार-पाच पातळ्यांवर घ्या. एलईडी वॉलचं तर त्याहून सोपं. तिच्यावर जाणारा व्हिडिओ तुमच्याकडेच आहे, तो तसाच समईच्या मागे आभासी पडद्यावर लावा. वॉलवरचं चित्र हललं की समईच्या पोटातलं प्रतिबिंब हलतं. माझ्या मते प्रेक्षकाला सगळ्यात जास्त पटवून देणारी गोष्ट हीच असते. दिव्याच्या दिशेतली थोडी चूक डोळा खपवून घेतो, हललेलं प्रतिबिंब मात्र चटकन टिपतो.

सावलीसाठी रंगमंचाच्या फरशीचं साधं मॉडेल करा आणि दोनदा रेंडर करा, एकदा समईसह, एकदा समईशिवाय. दोन्हींतला फरक कॅमेऱ्याच्या लिनियर चित्रात मिळवायचा. फरक उणे असेल तिथे सावली पडते. समईच्या आभासी ज्योतींचा उजेड खऱ्या फरशीवर पडतो तिथे तो अधिक असतो. समईच्या बुडाशी, फरशीला टेकते तिथली गडद कड सांभाळा. ती नसली तर बाकी सगळं बरोबर असूनही समई तरंगते.

निवेदक दिवा आणि समई यांच्या मधून गेला तर समईवर त्याची सावली पडायला हवी. तुमचे मूळचे तीन कॅमेरे इथे कामाला येतात. तिन्हींतून त्याची बाह्याकृती वेगळी काढून एकत्र छेदली की त्याचा ढोबळ त्रिमितीय आकार मिळतो. चेहरा ओळखू येणार नाही, पण दिवा अडवायला तेवढं पुरतं.

वेळेचंही बघा. सगळे कॅमेरे जेनलॉकवर हवेत, म्हणजे सगळ्यांची फ्रेम एकाच क्षणी सुरू व्हायला हवी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की तो त्रास जातो. स्वस्त एलईडी स्वतःच्या वेगळ्या गतीने लुकलुकतात, त्यांची तपासणी तालमीतच करा. २५ फ्रेमच्या प्रक्षेपणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. प्रकाशाचं माप दोन फ्रेम उशिरा येत असेल तर मुख्य चित्रही तेवढंच मागे ठेवा, नाहीतर स्ट्रोबच्या वेळी समई ताल चुकलेल्या मृदंगासारखी वाजेल.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर सूर्य मोजत बसू नका. अक्षांश, रेखांश आणि वेळ यांवरून तो अचूक कुठे आहे ते निघतं. पुण्यात मेच्या मध्यावर दुपारी तो थेट डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली. तिथे सॉफ्टवेअरचा ठरीव तिरपा सूर्य तसाच सोडला तर कोणीही ओळखेल.

फोनवरून हे का जमत नाही, असंही विचारलं आहे. २०१९ पासून गुगलचं एआरकोअर एकाच कॅमेऱ्यातून मुख्य दिव्याची दिशा, ढोबळ प्रकाश आणि प्रतिबिंबासाठी क्यूबमॅप (सहा बाजूंचं चित्र) यांचा अंदाज देतं. घरात सोफा ठेवून बघायला तो छान आहे. पण तो अंदाज आहे, आणि कॅमेऱ्यामागे काय आहे ते त्यालाही दिसत नाही. एलईडी वॉलसमोरच्या पितळेला तो पुरणार नाही.

जुळलं की नाही हे समईकडे बघून ठरवू नका, तिच्या नक्षीत सगळं लपतं. एक खरा राखाडी मॅट गोळा आणि एक खरा चकचकीत गोळा रंगमंचावर ठेवा, शेजारी त्यांच्या आभासी प्रती. तिन्ही कॅमेऱ्यांतून, सगळे लाइट क्यू (ठरलेले प्रकाशबदल) चालवून पाहा. राखाडी गोळे जुळले नाहीत तर दिव्यांची मापं किंवा कॅमेऱ्याचं मॅट्रिक्स चुकलंय. राखाडी जुळून चकचकीत जुळले नाहीत तर एचडीआर चित्र किंवा वॉलची जागा. तुमचा कन्सोल आर्ट-नेट (डीएमएक्स नेटवर्कवरून पाठवण्याची पद्धत) देतो का आणि वॉल किती रुंद आहे, ते कमेंटमध्ये लिहा. त्यावरून फिशआय नेमके कुठे बसवायचे ते सांगता येईल.