इंदूरजवळ मुरूम-गिट्टीच्या कामासाठी जुना दहाचाकी डंपर घ्यायचाय. काय पाहावं, कसा तयार करून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की बजेट तेरा लाखांचं आहे, राऊ-पीथमपूर पट्ट्यात मुरूम आणि गिट्टी वाहायचं काम मिळतंय, आणि देवास नाक्याकडच्या एका यार्डात 2015 ची टाटा 2518 पाहून आलात. इंजिन नुकतंच बांधलंय म्हणून तीच घ्यावी असं तुमच्या मनात आहे.

मी इंदूरचाच. अकरा वर्षं झाली, माझे दोन डंपर याच पट्ट्यात चालतात. इंजिन नवं बांधलंय या एका कारणासाठी गाडी घेऊ नका. 2518 मधलं कमिन्सचं 5.9 लिटरचं इंजिन ट्रान्सपोर्ट नगरातला कोणताही हातखंडा मिस्त्री आठ-दहा दिवसांत उभं करून देतो आणि सुटे भाग हवे तेवढे मिळतात. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, एकदा फाटली की तिचं तसं नसतं. आधीच्या मालकाने त्या गाडीवर किती माल लादला, ते चेसिस पाहूनच कळतं.

माझी पहिली गाडी घेताना मी इथेच फसलो. चेसिसला ताजा काळा रंग होता. सोबत नेलेला मिस्त्री म्हणत होता, "साहब, पेंट मत देखो, नीचे लेटो." मी घाईत होतो, खाली शिरलोच नाही. चौथ्या महिन्यात सिमरोलच्या पुढे घाटात गाडी एका अंगाला कलल्यासारखी वाटली. खाली पाहिलं तर मागच्या कमानीच्या (पाट्यांच्या स्प्रिंगच्या) ब्रॅकेटपाशी चेसिसला बोटभर फट पडली होती. रंग खरवडल्यावर आत जुनी वेल्डिंग आणि वर मारलेली पट्टी दिसली. दीड महिना गाडी उभी राहिली आणि हप्ते मात्र चालूच होते.

म्हणून यार्डात जाताना तारेचा ब्रश, खडू आणि बाटलीभर डिझेल घेऊन जा. पूर्वी हे काम रॉकेलने करायचे, डिझेलनेही होतं. मागच्या कमानींच्या ब्रॅकेटपाशी, ट्रनियन (मागच्या कमानी पेलणारा आडवा दांडा) जिथे चेसिसला बसतो तिथे, केबिनच्या लगेच मागे आणि हौद्याच्या बिजागरीजवळ ब्रशने रंग काढा. डिझेल चोळा, पाच मिनिटं थांबा, फडक्याने कोरडं पुसून घ्या आणि वर खडू घासा. चीर असेल तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते. चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीवर आडवी वेल्डिंग दिसली, की किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी सोडा. विकणारा रंग काढू देत नसेल तरी सोडा.

तिथेच खाली असताना टॉर्क रॉडचे (मागचे ॲक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे) बुश आणि हाउसिंग, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली गिअरची पेटी, पाहून घ्या. पहारीने टॉर्क रॉड हलवून बघा, टकटक वाजला तर बुश गेलेत. तो खर्च फार नाही, पण भावात कापून घ्यायचा. हाउसिंगचं तेल बोटावर घ्या. त्यात चमचमणारा चुरा दिसला तर आतले क्राउन-पिनियन गिअर झिजतायत.

इंजिन सकाळी थंड असतानाच सुरू करून पाहा. तुम्ही पोचण्याआधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. तेलाचं झाकण काढून ठेवा. तिथून भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, पिस्टनच्या बाजूने गॅस खाली गळतोय, म्हणजे नुकतं बांधलेलं इंजिन नीट बांधलेलं नाही.

आता हौद्याचं. पुढे गाडी तुमच्या हातून मोडणार की टिकणार, ते यावर ठरतं. बहुतेक जुन्या 2518 वर 14 घनमीटरचा हौदा असतो, आपल्याकडे ज्याला 500 फूट म्हणतात तो. सुट्या गिट्टीचा एक घनमीटर साधारण दीड टनाचा धरा. हौदा काठोकाठ भरला की माल 21 टन, रिकामी गाडी साडेदहा-अकरा टन, म्हणजे काट्यावर 32 टनांच्या आसपास. जुलै 2018 मध्ये केंद्राने तीन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा 25 वरून 28.5 टन केली, पण तुमच्या आरसीवर जो आकडा छापलाय तोच धरून चाला. आरसीवर 25 असतील तर तुम्ही सात टन जास्त नेताय. 2019 च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात त्याचा दंड 20 हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार आहे. म्हणजे एका फेरीला 34 हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. दंड चुकला तरी चेसिसची सुटका नाही. ब्रॅकेटजवळची ती फट अशाच फेऱ्यांनी पडते.

माझ्या दुसऱ्या गाडीचा हौदा साडेचार मीटर लांब आणि 2.3 मीटर रुंद आहे. मी त्याच्या बाजू 16 इंचांनी कापून घेतल्या. जागा चार घनमीटरने कमी झाली आणि लोखंड गेल्याने गाडीही हलकी झाली. आता गिट्टी भरली तरी 25 च्या आत-बाहेरच राहते. ओली रेती मात्र घनमीटरला पावणेदोन-दोन टनांपर्यंत जाते, तेव्हा ती काठापासून वीतभर खालीच भरायची. हौदा लहान केला की ठेकेदार कुरकुरतो, कारण त्याला फेरीचा भाव ठरवायचा असतो. तुम्ही काम घेतानाच टनावर भाव ठरवा. फेरीवर ठरवलात तर पोकलेनवाला हौद्यावर ढीग रचणार आणि त्याला अडवायला तुमच्या ड्रायव्हरकडे काही उरणार नाही.

तळाला 8 मिमी पत्रा, बाजूंना 6 मिमी. क्रशरवर मोठे दगड भरायचे असतील तर तळ आणखी जाड करा. हौद्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या मात्र नक्की लावून घ्या. पावसाळ्यात आपली काळी माती कोपऱ्यात चिकटून बसते. हौदा वर गेला, मागचा माल सुटला आणि एका कोपऱ्यात दोन टन माती अडकून राहिली, तर गाडी आडवी होते. सुपर कॉरिडॉरजवळ असा आडवा पडलेला डंपर मी स्वतः पाहिलाय. ड्रायव्हर वाचला, पण केबिन चेपली होती. मागच्या फाळक्याची (हौद्याच्या मागच्या दाराची) बिजागरी आणि हुक सहज उघडतात का तेही पाहा, कारण फाळका अडकला तरी हेच होतं.

हायड्रॉलिक रिकाम्या गाडीवर तपासू नका, त्याला काही अर्थ नाही. माल भरून हौदा अर्धा उचला, इंजिन बंद करा, सिलिंडरवर खडूची खूण करा आणि पंधरा मिनिटं थांबा. खूण जागची हलली तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. उचललेल्या हौद्याखाली लोखंडी टेका लावल्याशिवाय कोणीही शिरायचं नाही, अगदी एक मिनिटासाठीसुद्धा. माझ्या दोन्ही ड्रायव्हरना हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं आहे आणि मी स्वतःही ते पाळतो.

टायर 10.00-20 चे असतील. जोडीतले दोन्ही टायर सारख्या घेराचे हवेत, नाहीतर मोठा टायर सगळा भार घेतो आणि फुटतो. रिसोल, म्हणजे नवं रबर चढवलेले जुने टायर, फक्त मागे. खंडवा रोडला भेरूघाट किंवा मुंबईकडचा घाट उतरायचा असेल तर ब्रेकचे ड्रम, लायनर आणि एक्झॉस्ट ब्रेक आधी नीट करा, बाकी सगळं मागाहून. मुंबई रस्त्यावरच्या गणेश घाटात ब्रेक निकामी होऊन किती गाड्या गेल्या ते तुम्हीही वाचलं असेल.

कागद थोडक्यात सांगतो. आरसीवर टिपर लिहिलंय का पाहा. साधा ट्रक असेल आणि हौदा नंतर चढवलेला असेल तर फिटनेसला अडेल. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो आरसीशी जुळवा. फायनान्स फिटल्याचा फॉर्म 35, थकलेली ई-चलानं आणि टॅक्स वाहन पोर्टलवर स्वतः बघा, दलालाच्या शब्दावर जाऊ नका. आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो आणि पंधरा वर्षं झाली की त्याचं शुल्क बरंच वाढतं. 2015 ची गाडी 2030 मध्ये तिथे पोचेल, तेव्हा हप्ते त्याआधी संपायला हवेत. खनिज वाहायचं तर ईटीपीशिवाय (खनिज वाहतुकीच्या ऑनलाइन पासशिवाय) एकही फेरी नाही. पावसाळ्यात नद्यांतली रेती बंद असते आणि मुरुमाचं कामही मंदावतं, म्हणून तेरा लाखांतले निदान दोन लाख गाडीत न घालता बाजूला ठेवा.

गाडी घेतलीत की पहिल्या दहा भरल्या फेऱ्यांनंतर कमानींचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट स्वतः उभं राहून पुन्हा कसून घ्या. जुने बोल्ट त्याच फेऱ्यांत सैल होतात.