‘मॉडेल’ म्हणजे नमुना, प्रतिमान की मांडणी?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतात. ‘कन्सेप्च्युअल मॉडेलिंग’ची टूल्स (एखाद्या कामातल्या गोष्टी आणि त्यांची नाती आकृतीत दाखवायची सॉफ्टवेअर) आणि ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ (अख्ख्या संस्थेचं काम आणि तिची सॉफ्टवेअर कशी जुळतात त्याचं चित्र) हा त्यांच्या संशोधनाचा विषय, आणि त्यावर बेळगावात मराठी श्रोत्यांपुढं तासभर बोलायचं आहे. सहकाऱ्यानं शीर्षक काढून दिलं: ‘संकल्पनात्मक प्रतिमानीकरण साधने व उद्यम स्थापत्य’. घरी वाचून दाखवलं तर वडील म्हणाले, “उद्यमबागेत बिल्डिंग बांधालीस काय?” तर याला धड मराठी शब्द आहेत का, की सरळ इंग्रजीच वापरावं, असं त्या विचारतात.

ताई, वडिलांचा कान पक्का आहे. बेळगावात ‘उद्यम’ म्हटलं की पुढं ‘बाग’ लागतेच, आणि उद्यमबाग ही आपली औद्योगिक वसाहत, त्यामुळं डोळ्यांपुढं फौंड्र्या येतात. ‘स्थापत्य’ तर सिव्हिलवाल्यांनी कधीच नेलंय. स्थापत्य अभियंता म्हणजे सिमेंट-सळीचा माणूस. वास्तुशास्त्र म्हणायला जाल तर पहिल्या रांगेतून कुणीतरी स्वयंपाकघर कुठल्या कोपऱ्यात ठेवू म्हणून विचारील. म्हणून ‘आर्किटेक्चर’ला ‘रचना’. संगणकाची रचना म्हणतोच की आपण. हा भाग इथंच संपला.

खरा घोळ ‘मॉडेल’चा आहे.

नमुना हा शब्द फारसीतून आला आणि मराठीत त्यानं चांगलाच संसार थाटला. बाजारात गुळाचा नमुना म्हणजे ढेपेतला चाखायला काढलेला तुकडा. नमुनेदार शेती म्हणजे बघून तशीच करावी अशी. ‘काय नमुना आहे!’ म्हणजे काय ते सांगायला नको. या तिन्ही अर्थांचा तुमच्या विषयाशी संबंध नाही. चौथ्याचा मात्र आहे, आणि तो आपल्याकडं कचेरीत रोज वापरला जातो. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12. सातमध्ये जमिनीवर हक्क कुणाचा, बारामध्ये पीक कुठलं. इथं नमुना म्हणजे रिकाम्या रकान्यांचा कागद. हे महाराष्ट्रात. आपल्या बाजूला, कर्नाटकात, सातबारा नाही, जमिनीचा उतारा म्हणून पहाणी आहे. पण ग्रामपंचायतीत घराचे कागद काढायला गेलं की ‘नमुने नंबर 9’ आणि ‘11’ असतातच. कन्नडात फॉर्मला ‘नमूने’च म्हणतात. (आणि ‘मॉडेल’ला ‘मादरी’. आपल्या भागातल्या ‘मादरी शाळे’च्या पाट्या आठवा.)

रिकाम्या रकान्यांचा हा कागद म्हणजे तुमच्या भाषेतलं कन्सेप्च्युअल मॉडेल. पीक भरण्याआधीच कुणीतरी ठरवलेलं असतं की जमीन ही एक गोष्ट, धारक ही दुसरी, पीक ही तिसरी, आणि कुणाचं कुणाशी काय नातं. तिकडं महाराष्ट्रात चंदगडकडं आणि इकडं, दोन्हीकडं जमीन असलेल्यांना हे न शिकवता कळतं. माती तीच, ऊस तोच, पण रकाने दोन सरकारांनी दोन तऱ्हेनं पाडलेत. मग ‘नमुना’ का घेऊ नये? कारण भाषणात तो शब्द आला की शंभरातल्या नव्वदांच्या डोक्यात गुळाचा तुकडा येणार.

‘प्रतिमान’ अर्थानं बरोबर आहे. प्रति आणि मान. मान म्हणजे माप. मूळ ‘मॉडेल’ही लॅटिनमधल्या मापाच्या शब्दावरूनच आलाय. पाठ्यपुस्तकांत तो चालतो, पण बोलताना ओठावर यायला नको म्हणतो, आणि ‘प्रतिमानीकरण’ म्हणताना तर जीभ दातांत अडकते. ‘साचा’ म्हणू नका. साच्यातून एकसारखा माल निघतो. तुमच्या मॉडेलमधून माल निघत नाही, समज निघते. ‘आराखडा’ जवळचा आहे, पण आराखडा म्हटलं की अजून व्हायचंय असं वाटतं. तुम्ही तर आहे तसा कारभारही मांडता आणि व्हावा तसाही.

‘मांडता’ हे मी न ठरवता लिहिलं बघा. माझं मत त्याच शब्दाला आहे: मॉडेलिंग म्हणजे मांडणी. गणित मांडतो, डाव मांडतो, मुद्दा मांडतो. सगळीकडं मनातलं किंवा पसाऱ्यातलं काही निवडून, क्रम लावून, दुसऱ्याला दिसेल असं समोर ठेवणं आहे. सगळंच्या सगळं कुणी मांडत नाही. गाळणं त्यातच आलं.

आणि स्वयंपाकघरातली मांडणी विसरू नका. भिंतीवरची स्टीलची, जुन्या घरातली लाकडाची. वर ताटांच्या उभ्या खाचा, मध्ये वाट्यांची फळी, खाली कपांचे हूक. नवी कोरी मांडणी दुकानातून आणली, एक भांडं लावलं नाही, तरी घरात काय काय असणार आणि काय कुठं बसणार हे ती सांगते. हुकाला ताट अडकवता येत नाही. तुमच्या विषयात ‘मेटामॉडेल’ म्हणून प्रकार आहे ना, ज्यात कुठल्या जातीच्या गोष्टी असू शकतात आणि कुणाला कुणाशी जोडता येतं हे आधी ठरतं? ती ही रिकामी मांडणी. भांडी लावली की मॉडेल. व्हिएन्ना विद्यापीठातून आलेलं एडीओएक्सएक्स हे तर अशा रिकाम्या मांडण्याच आपल्याला हव्या तशा घडवून घ्यायचं साधन आहे. श्रोत्यांत बायका असतील तर इथून सुरुवात करा. पुरुषांना फौंड्रीतून न्या.

फौंड्रीतलं थोडं मला माहीत आहे. आयुष्य उद्यमबागेत गेलंय. वाळूत ठसा उठवायचा लाकडी पॅटर्न हा तयार मालाची हुबेहूब नक्कल नसतो. बिडाचा रस थंड होताना आक्रसतो, मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. कोअर, म्हणजे मालात पोकळी राखणारा वाळूचा गाभा, बसायला त्याला उंचवटे ठेवायचे, ते तर मालात नसतातच. नवशिका सुतार ड्रॉइंगबरहुकूम माप घेतो आणि माल बारका निघतो. कामाला यावं म्हणून मुद्दाम वेगळं केलेलं, हे मॉडेलचं लक्षण त्या लाकडात दिसतं.

पण मांडणी चुकली की काय होतं ते मी दुसऱ्या टेबलावर पाहिलं. मी होतो त्या कारखान्यात कॉम्प्युटरवर हिशेब सुरू झाला. आमच्याकडं सगळ्यांना शब्द एकच, ‘पार्टी’. विक्रीवाला म्हणायचा पार्टीचा फोन आला, तो गिऱ्हाइकाचा. खरेदीवाला म्हणायचा पार्टीचा फोन आला, तो भंगारवाल्याचा. सॉफ्टवेअर करून देणाऱ्यानं गिऱ्हाइकांची एक यादी केली, पुरवठादारांची दुसरी. आता एक पार्टी अशी होती की आमच्याकडून कास्टिंग न्यायची आणि मशीनिंग करून उरलेला कीस आम्हालाच विकायची. तिचं नाव दोन्ही याद्यांत गेलं, पत्ता एकीत नवा आणि एकीत जुना, आणि वर्षअखेरीला येणं-देणं काही केल्या जुळेना. अकौंटंटनं शेवटी वहीत हातानं जुळवलं. चूक हिशेबाची नव्हतीच. पार्टी ही गोष्ट, आणि गिऱ्हाईक किंवा पुरवठादार ही तिची त्या-त्या व्यवहारातली भूमिका. दोन गोष्टी एका पातळीवर मांडल्या. तुमच्या क्षेत्रात जानकार्लो गिझार्डी या संशोधकाच्या 2005च्या प्रबंधापासून पुढं आलेली ऑन्टोयूएमएल ही आरेखन-भाषा नेमका हाच भेद पाळायला लावते. आमच्या कारकुनांच्या जिभेवर तो भेद आधीपासून होता. ‘पार्टी’ हा शब्द ढिसाळ नव्हता, तोच बरोबर होता.

इथून मी जरा माझ्या आवडीच्या गल्लीत शिरतो.

संगणकशास्त्रज्ञ पीटर चेन यांनी 1976 साली एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं: चौकोनात गोष्टी, शंकरपाळ्यात त्यांची नाती. पुढं 1983मध्ये त्यांनी इंग्रजी वाक्यरचनेशी त्याचा मेळ घातला. सामान्यनाम म्हणजे एंटिटी, सकर्मक क्रियापद म्हणजे नातं, विशेषण म्हणजे एंटिटीचा गुण. मराठीत हे करून बघताना मजा येते ती ‘आहे’पाशी. इंग्रजीतलं ‘हॅज’ एकटं सगळीकडं धावतं. आपल्याकडं ते फुटतं:

पाटलांना तीन मुलगे आहेत. पाटलांकडे तीन ट्रॅक्टर आहेत. ट्रॅक्टरला चार चाकं आहेत. मंडळात चाळीस सभासद आहेत. हे शेत पाटलांचं आहे.

‘पाटलांकडे तीन मुलगे आहेत’ म्हणून बघा. लगेच वाटतं की कुणाचे तरी मुलगे यांच्या घरी राहायला आलेत, किंवा वाटण्या झाल्या आणि तिघं बापाकडं राहिले. ‘कडे’ आलं की ते जाऊ शकतं, विकता येतं, दुसऱ्याकडं असू शकतं. ‘ला’ किंवा ‘ना’ आलं की सहसा सुटत नाही. यूएमएल या सॉफ्टवेअरवाल्यांच्या आरेखन-भाषेत अशा नात्यांना पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असते. भरीव चौकट म्हणजे अख्खं गेलं की भागही गेला. पोकळ म्हणजे मंडळ मोडलं तरी सभासद जिवंत. विद्यार्थी या दोन चौकटींत हटकून गोंधळतात, कारण प्रश्न इंग्रजीत वाचतात आणि सगळीकडं ‘हॅज’ असतं. वाक्य मराठीत म्हणायला लावा. अर्धा गोंधळ प्रत्ययच सोडवतो. अर्धाच, कारण मुलगे आणि चाकं या दोघांनाही आपण एकच प्रत्यय लावतो आणि तिथं मराठी हात वर करते.

वर्गातली कन्नड मुलंही यात मागं राहणार नाहीत. त्यांच्याकडं ‘ननग इब्बरु मक्कळु’ (मला दोन मुलं) वेगळं आणि ‘नन कडे रोक्क ऐती’ (माझ्याकडं पैसे आहेत) वेगळं. तो ‘कडे’ तर बांधाच्या दोन्ही बाजूंना एकच.

एंटरप्राइज आर्किटेक्चरसाठीच्या आर्किमेट या आरेखन-भाषेबद्दलही एवढंच सांगतो. ती 2002 ते 2004 या काळात नेदरलँड्समध्ये घडली आणि 2009मध्ये ओपन ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संघटनेनं तिला मानक केलं. तिच्यात कामकाज, सॉफ्टवेअर, यंत्रणा अशा प्रत्येक थरात तीन बाजू असतात: करणारा, क्रिया, आणि जिच्यावर क्रिया होते ती वस्तू. ही कल्पना नैसर्गिक भाषेतल्या वाक्यावरूनच घेतलेली आहे. म्हणजे पाचवीतलं कर्ता, कर्म, क्रियापद. ‘सक्रिय संरचना घटक’ वगैरे लिहिलेल्या स्लाइड फेकून द्या आणि हे तीन शब्द वापरा. अकर्मक वाक्याचं काय, असं कुणी विचारलं तर श्रोता चांगला आहे असं समजा.

संस्थेची रचना मांडायचा जॉन झॅकमन यांचा तक्ता तर मराठीसाठीच केल्यासारखा आहे. 1987च्या लेखात त्यांनी घरबांधणीचाच दाखला घेतला होता: मालकाला दिसतं ते घर वेगळं, आर्किटेक्टच्या कागदावरचं वेगळं, कंत्राटदाराच्या हातातलं वेगळं. तेव्हा स्तंभ तीन होते. 1992मध्ये जॉन सोवा यांच्याबरोबर लिहिताना ते सहा झाले. काय, कसं, कुठं, कोण, केव्हा, का. इंग्रजीत पाच ‘डब्ल्यू’ आणि एक ‘एच’ म्हणून त्या ‘हाऊ’साठी वेगळी पुस्ती जोडावी लागते. आपले सहाही ‘क’चे. बाराखडी म्हणून फळ्यावर लिहा, तक्ता झाला.

राहिला ‘एंटरप्राइज’. तो नुसता उद्योग नव्हे. समान उद्दिष्टानं चालणारी कुठलीही संस्था किंवा संस्थांचा गट त्यात बसतो, रुग्णालय, पतसंस्था, सरकारी खातंसुद्धा. म्हणून ‘उद्योगरचना’ तोकडं पडतं. मला ‘कारभार’ आवडतो. सोसायटीचा कारभार, देवस्थानचा कारभार, पंचायतीचा कारभार: कोण काय करतं, कशानं करतं, कुठल्या कागदावर करतं, सगळं त्यात येतं. ‘काय कारभार करून ठेवलायस’ यातला टोमणा त्याला चिकटलेला आहे हे मान्य, पण तुम्ही जी जुनी सॉफ्टवेअर आणि त्यांच्या गुंतावळ्या दाखवणार आहात त्यांना तो टोमणा शोभेल.

‘टूल’ला साधन म्हणा. अवजार शेतात आणि हत्यार फिटरच्या पेटीत बरं. फक्त चित्र काढायचं साधन आणि मांडणीचं साधन यांतला फरक पहिल्या दहा मिनिटांत दाखवा. चित्रात ‘पार्टी’ लिहिलेले पाच चौकोन म्हणजे पाच चौकोन. आर्चीसारख्या मोफत साधनात ती पार्टी एकच असते, पाच चित्रांत दिसते, आणि एके ठिकाणी नाव बदललं की पाचही ठिकाणी बदलतं. न जुळणारं नातं जोडायला गेलात तर ते जोडूच देत नाही.

तेव्हा शीर्षक: ‘कारभाराची मांडणी: संस्थेची रचना कागदावर आणणारी साधने’. पोटात ‘मॉडेल’ शब्द खुशाल वापरा, लोकांना तो कळतो. फक्त ‘ते मॉडेल, ती मॉडेलं’ असा नपुंसकलिंगी चालवा. ‘ती मॉडेल’ एकवचनात म्हणालात तर फॅशन शोची होईल.