मुलीला लिटिगेशन वकील करायचंय, पण कोर्टात पाठवायचं नाही!

(सांगलीच्या एका वडिलांचा मेल. मुलगी टी.वाय. बीकॉमला आहे. अमेरिकेतल्या एका लिटिगेशन वकिलाचं करिअर वाचलं, आधी फायनान्सच्या केसेस, मग क्लास ॲक्शन, म्हणजे अनेकांच्या वतीने एकत्र लढायची केस, आता क्रिप्टो. मुलीचंही तसंच ठरवलंय, ब्लॉकचेन (क्रिप्टोमागचं तंत्रज्ञान) लॉच्या ऑनलाइन डिप्लोमाची फी भरून झाली, पुढे अमेरिकेत एलएलएम, म्हणजे कायद्यातलं मास्टर्स. 'फक्त कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावणार नाही.')

साहेब, लिटिगेशन म्हणजे कोर्टच हो! तुमच्या मेलमध्ये 'आम्ही ठरवलंय' सतत येतं, मुलीचं मत एका ओळीतही नाही. पण मेल तिच्याच आयडीवरून आलाय आणि अगदी खाली तिने गुपचूप लिहिलंय, 'मला कोर्टातच उभं राहायचंय, पप्पांना तुम्हीच सांगा.' तर सांगतो. ज्या एका गोष्टीला तुम्ही नाही म्हणताय तीच तिला हवीये आणि त्या अमेरिकन वकिलाचं सगळं करिअर त्याच गोष्टीवर उभं आहे. फी भरायच्या आधी तिला नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं.

आता क्लास ॲक्शनबद्दलचा गैरसमज. तिकडचं इकडे जसंच्या तसं चालत नाही. 2009 मध्ये सत्यम या आयटी कंपनीचा हिशेबाचा घोटाळा बाहेर आला, अमेरिकेत ज्यांच्याकडे कंपनीचे शेअर होते त्यांनी तिथे क्लास ॲक्शन केली आणि कंपनीकडून साडेबारा कोटी डॉलर्सची तडजोड पदरात पाडून घेतली, ऑडिटरकडून वेगळे, आणि आपले इथले छोटे शेअरहोल्डर हात चोळत बसले कारण आपल्या कंपनी कायद्यात तशी सोयच नव्हती. नंतर 2013 च्या कायद्यात तशी सोय करणारं कलम 245 आलं, लागू व्हायला 2016 उजाडलं, त्यासाठी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या वादांच्या न्यायाधिकरणात जावं लागतं, आणि अजूनही अशा केसेस फार होत नाहीत. शिवाय तिकडे वकील जिंकलेल्या रकमेतून फी घेतो, म्हणून तो स्वतःच्या खिशातून वर्षानुवर्षं केस लढवू शकतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. त्यामुळे नुसत्या क्लास ॲक्शनवर इथे घर चालेल असं समजू नका.

क्रिप्टोचं म्हणाल तर अमेरिकेत एखादं टोकन (क्रिप्टोचं नाणं) सिक्युरिटी, म्हणजे शेअरसारखी गुंतवणूक आहे का हे आजही 1946 च्या एका निकालाच्या कसोटीवर बघतात आणि ती केस होती फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांची, बागेचा तुकडा विकत घ्या, मशागत आम्ही करू, नफा वाटून देऊ असली स्कीम. आपल्या सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेचं क्रिप्टोवरचं सर्क्युलर रद्द केलं ते धंदा करायच्या मूलभूत हक्कावर. म्हणजे घटना, करार, कंपनी कायदा, पुरावा हे पक्कं हवं, ब्लॉकचेन नंतर शिकता येतं. आणि बीकॉम वाया जात नाही, बॅलन्स शीट वाचता येणारा वकील सगळ्यांनाच हवा असतो.

रस्ता नेहमीचाच, लॉ सीईटी, तीन वर्षांचं एलएलबी, वकिलीची सनद, एआयबीई ही बार कौन्सिलची परीक्षा. एलएलएमचा विषय चार-पाच वर्षं प्रॅक्टिस झाल्यावर, तेही तिलाच वाटलं तर. तोवर सुट्टीत एखाद्या सिव्हिल वकिलाकडे बसू दे तिला, तारखा कशा पडतात ते बघू दे. आणि डिप्लोमाची फी परत मिळते का ते या आठवड्यातच विचारा.